तिच्या प्लेटमधलं जुनं पाणी

“वहिनींच्या हाताला गुण आहे हो,” आकडेवाला म्हणाला आणि तोंडाला लावलेला चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. म्हटलं तर साधं वाक्य. कौतुकाचं. पाठ धरल्यामुळे दीड महिना अंथरुणाला खिळलेला माणूस पहिल्यांदा कामावर आला, की त्याच्या बायकोबद्दल दोन बरे शब्द बोलावेत, एवढाच त्याचा हेतू असणार. हा आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचे आकडे तपासतो, आणि आकड्यांत बसून कंटाळला की उठून लोकांची थट्टा करत फिरतो. मला खुर्चीही त्यानंच पुढे केली, कमरेच्या पट्ट्याकडे बघून “काय, वजनं उचलायला निघालात की काय?” असं विचारलं, आणि मग हे. “तुमच्या मागे वहिनींनी सांभाळलेल्या पेशी बघितल्यात का? काय बाळसं धरलंय एकेकीनं! वहिनींच्या हाताला लागल्यात अगदी.” मी हसलो. दात दाखवले म्हणा. मग उठून, पाठ सरळ ठेवत, इन्क्युबेटरपर्यंत गेलो, वरच्या कप्प्यातला फ्लास्क काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो खरं तेच बोलत होता. तळाला चिकटून, हातपाय ताणून, कडा लख्ख चमकवत त्या पसरल्या होत्या. माझ्या हाताखाली त्या अशा कधीच नव्हत्या. माझ्याकडे त्या नीट असत, शिस्तीत असत, पण जरा अंग चोरून. मी डोळा न हलवता बघत राहिलो आणि पोटात, अगदी खरोखरच्या पोटात, काहीतरी पिळवटलं. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात ना, ती नुसती म्हण नाही. मी शरीरशास्त्र शिकलेला माणूस आहे. जागा दाखवू शकतो.

या पेशी एका बाईच्या गाठीतल्या. ती बाई कधीच गेली, गाठ राहिली, म्हणजे तिच्या पेशी राहिल्या, आणि त्या मी वाढवतोय ते माझे केस काळे होते तेव्हापासून. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना समजावताना मी मास्तरासारखा बोलायला लागतो असं बायको म्हणते. म्हणू दे. पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूनं रिसेप्टर असतात. कान म्हणा. बाहेरून वाढीचा रेणू, ग्रोथ फॅक्टर, वाहत येतो आणि त्याच्यासाठी असलेल्या कानात नेमका जाऊन बसतो; दुसऱ्या कानात बसत नाही. बसला की शेजारचे दोन कान एकमेकांना येऊन चिकटतात आणि आत निरोप जातो, की वाढ, दुभाग. हाक आली, पेशीनं ओ दिली. शहाण्या पेशीला कान बेताचे असतात. हाक थांबली की ती गप्प बसते. कर्करोगाच्या पेशीला अंगभर कान. साधी कुजबूज झाली तरी हिचं ‘ओ’ सुरू. माझं म्हणणं, ज्यावर मी तीन वर्षं घालवली, ते असं होतं की या माझ्या पेशींना कान कितीही असले तरी हाक लागते ती बाहेरचीच. बाहेरची हाक बंद करा, त्या झोपतात. मग औषधवाल्यांनी एवढंच करायचं, की हाक वाटेतच अडवायची. हे सिद्ध करायला पेशींना उपाशी ठेवावं लागतं. ज्या गुलाबी पाण्यात त्या वाढतात, ज्याला आम्ही मीडियम म्हणतो आणि घरी बोलताना नुसतं पाणी, त्यात सीरम, म्हणजे रक्तातला निवळ भाग, घातलेलं असतं आणि सीरममध्ये सगळ्या हाका. ते धुऊन काढायचं, बिनसीरमचं पाणी घालायचं, आणि तीन-चार दिवसांनी एक हिरवा रंग द्यायचा, जो फक्त ओ दिलेल्या कानांनाच चिकटतो. जागी पेशी हिरव्या कडेची दिसते. झोपलेली काळी. माझ्या प्लेटा, म्हणजे पेशी ठेवायच्या चपट्या बशा, नेहमी काळ्या आल्या. काळोखासारख्या काळ्या. इतका सुंदर काळा रंग मी दुसरीकडे बघितलेला नाही.

आणि बायकोच्या हिरव्या आल्या. मी उताणा पडून छताचे पोपडे मोजत होतो तेव्हा ही रोज संध्याकाळी घरी येऊन, पर्स खुंटीला लावता लावता सांगायची, “अरे, आज पण जाग्याच आहेत.” पहिल्यांदा मी हसलो. म्हटलं, धुताना सीरम राहिलं असेल, नीट धू. तिनं धुतलं. दुसऱ्यांदाही हिरव्या. मग मी चिडलो. पेशींचं काम तिला मीच शिकवलेलं. आम्ही एकाच वर्षी पदवी घेतली, पण ती सूक्ष्मदर्शकांच्या खोलीत गेली आणि मी पेशींच्या. तिनं सगळ्यांच्या प्लेटा बघायच्या आणि मी वाढवायच्या अशी वर्षानुवर्षांची वाटणी. लग्नाच्या आधी मी तिच्या हातावर हात ठेवून पिपेट कसं धरायचं ते दाखवलं होतं. पिपेट तिला आधीच धरता येत होतं, असं तिनं लग्नानंतर सांगितलं. तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. आता पलंगावर पडल्या पडल्या मला ते वाक्य आठवलं आणि वाटलं, म्हणजे तेव्हापासूनच हिला सगळं येत होतं तर. बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळेच नुसतं बाई म्हणतात, या कामावरचा माझा लेख नियतकालिकाकडे पाठवायचा थांबवला. मी कामावर आलो त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, बसायला सांगितलं नाही कारण त्यांच्याही लक्षात होतं की मला बसलं की उठवत नाही, आणि म्हणाल्या, “हे बघ, ती आणखी एकदा लावतेय. पुढच्या मंगळवारच्या बैठकीत बघू. झोपल्या तर तुझा लेख जाईल. नाही झोपल्या तर तो विसरायचा. आणि तोवर पेशी तिच्याकडेच राहू देत.” मी म्हटलं, “बाई, तिला याची सवय नाही.” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “म्हणूनच.” त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. लावूनही घ्यायचा नव्हता.

मग ते दिवस. मी तिच्या मागे मागे असायचो. मदत करतो म्हणायचो आणि चूक शोधायचो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? मला ती चुकलेली हवी होती. ती हूडपुढे, निर्जंतुक हवेच्या त्या काचेच्या पेटीपुढे, बसून प्लेटा धुवायची, आणि मी मागे उभा राहून मनात मोजायचो. ती बरोबर धुवायची. पाणी पेशींच्या अंगावर न ओतता कडेनं सोडायची, जसं मी शिकवलेलं, किंवा तिला आधीच येत असलेलं. हाताचा कोन, कोपर टेकवणं, झाकण उलटं न ठेवणं. खोट काढायला जागाच नव्हती. आणि गुणगुणायची. हूडपुढे बसून कोणी गुणगुणतं का? मी इतकी वर्षं तिथे श्वाससुद्धा जपून घेतला, आणि या गुणगुणण्यावर त्या माजल्या! आपल्या हाताखाली अंग चोरणारं पोर शेजारणीच्या मांडीवर खिदळतं तेव्हा होतं तसं मला व्हायचं. लाज वाटायची. कोणाचा मत्सर करायचा याला काही धरबंध आहे की नाही? बायकोचा? आणि कशावरून, तर मेलेल्या बाईच्या गाठीवरून? पण मत्सराला असं समजावता येत नाही. तो मला लहानपणापासून ओळखतो. धाकट्या भावाला एकदा ताप आला होता, फार नाही, मुलांना येतो तेवढा, आणि आई दिवसभर त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. मी दारातून बघत होतो. मग अंगणात गेलो, उन्हानं तापलेल्या भिंतीला कपाळ टेकवून बराच वेळ उभा राहिलो, चांगलं भाजेपर्यंत, आणि धावत आत येऊन म्हटलं, “आई, मलाही आलाय.” तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. क्षणभर तिचा चेहरा खरंच काळजीचा झाला. तो क्षण मला अजून पुरतो. मग तिनं हात काढून तळव्याकडे बघितलं. “भिंतीला घासून आलास होय रे? चुना लागलाय कपाळाला.” आणि हसली, आणि ओल्या हातानं चुना पुसला. धाकटा तापातही हसला. त्याच्या हसण्याचा मला अजून राग आहे.

तिनं प्लेटा उपाशी लावल्या त्या गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी ती बहिणीकडे निघाली, बहीण घर बदलत होती आणि तिला हाताशी कोणीतरी हवं होतं. दारात चपला घालता घालता म्हणाली, “अरे, प्लेटा आहेत आत. काही करायचं नाहीये हं. नुसतं जाऊन इन्क्युबेटरचं दार नीट लागलंय ना तेवढं बघ. मागच्या आठवड्यात कोणीतरी उघडं टाकलं होतं.”

“बघतो.”

“आणि वाकू नकोस. तुझी पाठ म्हणजे काच झालीय.”

“बरं. जा आता, गाडी चुकेल.”

ती गेली. माझ्यावर इतका विश्वास टाकायची तिला गरज काय होती? आकडेवाल्याला सांगायचं. बाईंना सांगायचं. मी कसा बघतोय तिच्याकडे आठवडाभर, हे तिला दिसलं नसेल असं होणार नाही. तिचा धंदाच बघण्याचा. पण नाही, सरळ माझ्या हातात किल्ली. कधी कधी मला वाटतं की विश्वास हा लोकांचा आळस असतो. संशय घ्यायला वेळ लागतो, मेहनत लागते, मला माहीत आहे.

शनिवारी मी गेलो. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. फ्रिजची घरघर, खिडकीतून टेबलावर आलेलं ऊन, आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर राहिलेला तिचा पांढरा कोट. इन्क्युबेटरचं दार नीट लागलेलं होतं. म्हणजे माझं काम झालं होतं. मी दार उघडलं. खालच्या कप्प्यात तिच्या प्लेटा ओळीनं, झाकणांवर तिचं ते गोल गोल अक्षर. एक बाहेर काढली आणि उजेडात धरली. पाणी पिवळट झालं होतं. हे पाणी ताजं असतं तेव्हा गुलाबी असतं आणि पेशींनी वापरलं, त्यात आपला कचरा टाकला, की पिवळं पडत जातं. मला पिवळं पाणी बघवत नाही. माझ्या प्लेटांत ते कधी पिवळं होतच नाही, कारण उपाशी प्लेटांचं पाणी मी सकाळ-संध्याकाळ बदलतो. कुठेही तसं लिहिलेलं नाही, मला कोणी शिकवलेलं नाही, मी ते कोणाला सांगितलेलं नाही. तिलासुद्धा नाही. श्वास घे असं कोणी कोणाला सांगतं का? आणि ती पिवळी प्लेट हातात धरून मला अचानक इतका आनंद झाला की पाठीतून कळ गेली. सापडली! हिनं पाणीच बदललेलं नाही! दीड महिना हिच्या पेशी स्वतःच्याच घाणीत बसल्यात, आणि म्हणून बेजार होऊन जाग्या आहेत, आणि हिच्या हाताला म्हणे गुण! मी कोट चढवला. माझाच चढवला. हात धुतले. हूड चालू केला, आणि एकेका प्लेटचं जुनं पाणी हळुवार ओढून घेऊन गुलाबी, ताजं पाणी कडेनं सोडलं. इतकं हळुवार मी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं. आता तुम्ही विचाराल की मी ते सवयीनं केलं की मुद्दाम. मीही विचारलं. पाणी ओढताना विचारलं, सोडताना विचारलं. हात म्हणाले, सवय. पोट काही बोललं नाही. ओढून घेतलेलं जुनं पाणी मी नळ्यांत भरून, नाव-तारीख घालून फ्रिजमध्ये ठेवलं, कारण जुनं पाणी मी लगेच फेकत नाही. नव्या पाण्यात काही बिघडलं तर जुन्याशी ताडून बघता येतं. बाई याला माझी जुन्या बाटल्या जमवणाऱ्या म्हातारीची खोड म्हणतात. संध्याकाळी पुन्हा गेलो, आणि वरच्या कप्प्यातल्या फ्लास्कमधून माझ्याही दोन प्लेटा उपाशी लावल्या, ताडून बघायला. रविवारी पुन्हा. सोमवारी सकाळी ती यायच्या आत शेवटचं.

सोमवारी दुपारी तिनं रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर वर्तमानपत्र धरून बसलो. तेच पान. बऱ्याच वेळानं ती दारात आली. “काळ्या आहेत,” ती म्हणाली.

“काय?”

“झोपल्यात. सगळ्या. बघ तू.”

मी बघितलं. माझाच काळोख होता तो. माझा, जुना, सुंदर. ती मागे उभी होती, आणि ती काही म्हणेल, नीट बघ म्हणेल, पुन्हा लावते म्हणेल असं मला वाटलं, पण ती फक्त म्हणाली, “मग आधी मीच कुठेतरी चुकत असणार.” आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून, परत जागेवर ठेवताना माणूस जसं बोलतो तसं. मी जिंकलो होतो. तिला तिची चूक सांगायची, पाणी न बदलल्याची, ती मी बैठकीत सगळ्यांसमोर, बाईंसमोर, विशेषतः आकडेवाल्यासमोर सांगायची ठरवली होती. कशी सांगायची तेही ठरवलं होतं, हसत हसत, नवऱ्यासारखी, म्हणजे तिला लागणार नाही आणि सगळ्यांना कळेल.

घरी आल्यावर ती भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. वाकायचं नसल्यामुळे पुसणं माझ्याकडे आलं होतं. नळ चालू होता. ती एकदम म्हणाली, “वेड्यासारखं झालं होतं रे मला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्लेटा बघते. छान आलंय, वाईट आलंय, दुसऱ्यांना सांगते. पहिल्यांदाच असं वाटलं होतं की हे मला दिसलंय. माझं.” आणि हसली. “जाऊ दे. हात दाखवून अवलक्षण.” तिचा तो पडलेला चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही, बैठकीची वाट बघणं झालं नाही. दयेनं नव्हे. मला तिला आत्ता, तोंडावर सांगायचं होतं की तू कशी चुकलीस. मी ताट खाली ठेवलं आणि तोंड उघडलं, की अगं, तू पाणी बदललं नाहीस म्हणून त्या जाग्या राहिल्या, नुसतं पाणी बदललं की... आणि वाक्य तिथेच, जिभेवर, उभं राहिलं. नुसतं पाणी बदललं की झोपतात. म्हणजे जुन्या पाण्यात काहीतरी होतं, जे त्यांना जागं ठेवत होतं. आणि ते मी ओढून घेत होतो. पण त्या पाण्यात तर कोणी काहीच घातलं नव्हतं. तिनं नीट धुतलं होतं, मी उभा राहून मोजलं होतं. सीरम नाही, हाक नाही, बंद प्लेट. मग ते आलं कुठून? आत होतं कोण? पेशी. नुसत्या पेशी. त्याच हाक सोडत होत्या आणि त्याच ओ देत होत्या. पाणी बदललं नाही तर ती हाक साठत जायची. आणि मी, नीटनेटका, काळजीवाहू, सकाळ-संध्याकाळ ती पुसून टाकायचो, आणि मग म्हणायचो, बघा, किती गप्प आहेत. तीन वर्षं मी माझ्या शिस्तीचा काळोख बघत होतो. बाहेरची हाक कितीही अडवा, औषधवाल्यांनो. त्या बाहेरच्या भरवशावर बसलेल्याच नाहीत.

“काय म्हणत होतास?” तिनं नळ बंद करून विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “ताट निसटत होतं.”

मी पलंगावर आडवा झालो आणि मनातल्या मनात तिचा हेवा करत राहिलो, आता नव्या कारणानं. तिनं काहीच केलं नव्हतं! हाच तर जळफळाट. मी इतकं केलं, इतकं निगुतीनं केलं, आणि मला दिसलं नाही. तिनं प्लेट ठेवली, दार लावलं, गुणगुणत निघून गेली, आणि तिला दिसलं. पेशींना एकटं सोडणं मला कधी जमलंच नाही. तिलाही कधी एकटं सोडलं नाही म्हणा. ती कुठे गेली, कोणाशी हसली, कोणाच्या प्लेटेला छान म्हणाली, सगळं मला माहीत असतं. मी विचारत नाही, फक्त बाहेर बाकावर बसलेला असतो. आणि माझा हा मत्सर तरी, त्याला बाहेरून कोणी काय घातलं होतं? आकडेवाल्याचं एक वाक्य. बाकी सगळं घरचंच. मी गप्प बसलो तर लेख पाठवला जाईल, त्यावर माझं नाव लागेल, आणि ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जाऊन दुसऱ्यांच्या प्लेटांना छान म्हणत बसेल, जन्मभर, आणि तिला कधी कळणार नाही. कोणालाच कळणार नाही. ही गोष्ट जगात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही, या विचारानं मला, खोटं कशाला बोलू, बरंसुद्धा वाटलं.

मंगळवारी बैठक. लांब टेबल, डोक्याशी बाई, समोर आकडेवाला, ती माझ्या शेजारी नाही तर पलीकडे, खिडकीजवळ. बाई म्हणाल्या, “मग? झोपल्या म्हणे.”

“हो,” ती म्हणाली. “आधी मीच चुकले असणार. धुताना सीरम राहिलं असेल.”

“दीड महिना राहिलं?”

“राहिलं असेल.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “ठीक आहे. मग तुझा लेख पाठवू या.”

“चला, पार्टी कधी?” आकडेवाला म्हणाला. “वहिनी, घरातल्या घरात राहिलं हो!” ती हसली. सगळे हसले. आणि ती हसताना खिडकीकडे वळली, तेवढ्यात मला तिच्या मानेमागची शीर दिसली, ती ताणलेली. ती शीर मला माहीत आहे, तिच्या वडिलांना पोचवून आलो तेव्हा अशीच होती. मी खरं बोलायला उभा राहिलो नाही. मला पाठीमुळे बसवत नव्हतं म्हणून मी आधीपासूनच उभा होतो.

“मी पाणी बदललं,” मी म्हटलं.

“कशाचं?” बाई म्हणाल्या.

“तिच्या प्लेटांचं. शनिवारी, रविवारी. सकाळ-संध्याकाळ. ती नव्हती तेव्हा.”

“तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. मी नेहमीच बदलतो. माझ्या प्लेटांचं. पहिल्यापासून.”

“लेखात आहे ते?”

“नाही.”

“का नाही?”

“सुचलं नाही, बाई.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अति तेथे माती,” त्या हळूच म्हणाल्या, आणि मग आणखी हळू, “अरे देवा.” त्यांना कळलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. आता. आता ती विचारणार, मी फक्त दार बघायला सांगितलं होतं ना, मग हात का लावलास? काल भांडी पुसताना का नाही बोललास? मी सगळं सांगायला तयार होतो. पोट, आई, भिंत, सगळं. तिचे डोळे मोठे झाले होते, पण ते माझ्यावर नव्हते. माझ्यातून आरपार, कुठल्यातरी प्लेटेवर होते. “जुनं पाणी,” ती म्हणाली. “जुनं पाणी टाकलंस?”

“नाही. फ्रिजमध्ये आहे. मधल्या कप्प्यात.”

ती उठली. खुर्ची पडली, ती तिनं उचलली नाही. धावत गेली. माझी बायको त्या वयात, त्या इमारतीत, धावत गेली. मी पट्टा सावरत मागून पोचलो तेव्हा तिनं नळ्या कोमट करायला ठेवल्या होत्या आणि तिच्यासमोर माझ्या प्लेटा होत्या. माझ्या, नीट झोपवलेल्या, दोन वेळा पाणी बदललेल्या, गुलाबी. “घेते हं,” ती म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत गुलाबी पाणी ओढून टाकून तिनं तिच्या प्लेटमधलं ते पिवळट पाणी माझ्या पेशींवर सोडलं. कडेनं. गुणगुणत. मग थांबणं, मग रंग, मग धुणं, या सगळ्यात दुपार गेली, आणि त्या वेळात ती माझ्याशी बोलली ती “ते दे”, “हे धर” एवढंच.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ती खुर्चीवर, मी मागे. “लाइट बंद कर रे.” मी बंद केला. अंधारात तिनं चाक फिरवलं, थांबली, आणि तिच्या डोळ्याभोवती हिरवा उजेड पडला, पापण्या मोजता येतील इतका. तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. असा आवाज मी तिला माझ्यासाठी काढताना कधी ऐकला असेल तर मला आठवत नाही. “बघ,” म्हणून ती सरकली. मी वाकलो, पाठ ओरडली. खाली माझ्या पेशी होत्या, माझ्या, आणि एकूण एक हिरव्या कडेची, एकूण एक ओ देत होती. तिच्या पाण्याला. आनंद झाला असेल. मी शास्त्राचा माणूस आहे, झालाच असणार. पण आधी जे झालं ते पोटात झालं. “सरक आता,” ती म्हणाली, आणि पुन्हा तिनं डोळा लावला.

मी तिच्या मागे उभा राहिलो. आता तरी विचारेल. हातातलं झालं की विचारेल. आईनं निदान माझ्या कपाळाकडे बघितलं होतं. शेवटी मीच म्हटलं, “अगं...”

“शू,” ती म्हणाली, डोळा न काढता. “मोजतेय.”